दोन रुपयांचा चेक, शंभर रुपयांचा कांदा

शेतकऱ्याला भाव मिळत नाही म्हणून तो कांदा रस्त्यावर ओततो. आपल्याला परवडत नाही म्हणून आपण एक किलोऐवजी अर्धा किलो घेतो. मग मधले पैसे जातात कुठे? अर्थशास्त्राचं एकही पान न वाचलेला माणूस मंडईत हा प्रश्न विचारतो, आणि अर्थशास्त्रातल्या निम्म्या मूलभूत कल्पना या एका प्रश्नाच्या उत्तरात येऊन जातात. म्हणून सुरुवात कांद्यापासूनच करू.

दोन टोकं आधी नोंदवून ठेवू. डिसेंबर २०१९ मध्ये देशातल्या अनेक शहरांत कांद्याने किलोला शंभरी ओलांडली. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. पीक एकच, आणि कष्टही काही शंभरपटीने कमी-जास्त झालेले नव्हते.

१. लिलावात खर्च कुणी विचारत नाही

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातलं लासलगाव ही कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. तिथे सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेने लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी थांबतो. कुणी मूठभर कांदे उचलून साल, रंग, आकार बघतो. बोली सुरू होते, चढते, थांबते, आणि घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. शेतकऱ्याच्या सहा महिन्यांचा निकाल लागायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: तुमचा खर्च किती झाला? व्यापारी दुष्ट आहे म्हणून नव्हे. त्याला आज किती माल हवाय आणि आज आवारात किती माल आलाय, एवढ्याशीच त्याची बोली बांधलेली असते. वर्तमानपत्रात कांद्याच्या भावाशेजारी आवक छापतात ती यासाठीच. किमान, कमाल आणि सरासरी भाव वाचण्याआधी अनुभवी शेतकरी आवकेचा आकडा बघतो.

इथे पहिली कल्पना येते, बुडीत खर्चाची. समजा, एका क्विंटलमागे बियाणं, रोपं, खत, औषध, मजुरी मिळून १,५०० रुपये आधीच खर्च झालेत. कांदा शेतात उभा आहे. काढणी, गोणीत भरणं आणि गाडीभाडं यांना अजून ३०० रुपये लागतील. बाजारात भाव आहे ४०० रुपये. विकावा की नाही?

मन म्हणतं, १,८०० रुपये खर्चाचा माल ४०० ला कसा द्यायचा? हिशेब वेगळं सांगतो. नाही विकला तर १,५०० रुपयांचा तोटा. विकला तर ३०० घालून ४०० मिळतात, तोटा १,४०० वर येतो. म्हणजे विकावा. भाव २०० वर आला तर मात्र ३०० घालून २०० मिळवण्यात अर्थ नाही. मग शेतकरी उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवतो. बातमीत ते वैताग म्हणून दाखवतात. वैताग असतोच, पण त्यामागचा हिशेबही अचूक असतो. झालेला खर्च परत येणार नसतो, त्यामुळे पुढचा निर्णय फक्त पुढच्या खर्चाकडे आणि पुढच्या मिळकतीकडे बघून घ्यावा लागतो. सोलापूरच्या शेतकऱ्याची कोंडी याहून वाईट. भाव कळेपर्यंत गाडीभाडंही बुडीत झालेलं, आणि माल परत न्यायचा तर पुन्हा भाडं.

२. दोन उतारू जास्त झाले की

आता दुसरं टोक बघू. कांदा थोडा कमी पिकला तर भाव थोडा वाढावा. तो दुप्पट, तिप्पट का होतो?

एसटी स्टँडवर या. गाडीत चाळीस जागा आणि अडतीस उतारू असतील तर लोक निवांत चढतात, खिडकीची जागा मिळाली नाही तरी कुरकुर करत नाहीत. तीच गाडी आणि बेचाळीस उतारू असू द्या. फक्त दोन जागा कमी, म्हणजे पाच टक्के. पण आता खिडकीतून रुमाल पडतात, पिशव्या आत जातात, दारात रेटारेटी होते. उभं राहण्याची पाळी दोघांवरच येणार असते. पण ते दोघं कोण हे ठरलेलं नसल्यामुळे धडपड बेचाळीसही जण करतात.

बाजारात रुमालाच्या जागी पैसे असतात. समजा, एका घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो. २० रुपये भावाने १०० रुपये. भाव ६० झाला. घर काय करतं? कोशिंबीर काकडीची होते, भज्यांचा बेत पुढे जातो, पण फोडणीला कांदा लागतोच. पाचाचे चार किलो होतात आणि बिल २४० रुपये. भाव तिप्पट झाला, मागणी फक्त एक पंचमांशाने घटली. अशा मागणीला अर्थशास्त्रात अलवचीक म्हणतात: भाव कितीही ताणला तरी ती फारशी हलत नाही. याउलट हापूसची पेटी महागली तर आपण आठ-पंधरा दिवस थांबतो, पायरी घेतो, नाहीतर यंदा नुसता रस विकत आणतो. हापूसची मागणी लवचीक आहे, कारण गिऱ्हाइकाला थांबता येतं.

हे निरीक्षण जुनं आहे. इंग्लंडमध्ये १६९९ साली चार्ल्स डॅव्हनंट याने धान्याच्या पिकाबद्दल एक कोष्टक छापलं. त्याचं श्रेय ग्रेगरी किंग यालाही दिलं जातं. त्याचा अंदाज असा: पीक एक दशांश घटलं तर भाव तीन दशांशांनी वाढतो, दोन दशांश घटलं तर आठ दशांशांनी, आणि निम्मं घटलं तर साडेचार पटींची भर पडते. आकडे आजच्या कांद्याला जसेच्या तसे लावू नयेत. चाल मात्र तीच आहे: तूट पायरी-पायरीने वाढते, भाव उड्या मारतो. आणि हाच नियम उलट दिशेनेही चालतो. पीक थोडं जास्त आलं की भाव थोडा उतरत नाही, कोसळतो; कारण कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी महिन्याला पाचाऐवजी पंधरा किलो खात नाही. शंभर रुपयांचा कांदा आणि दोन रुपयांचा चेक ही दोन्ही टोकं एकाच अलवचीक मागणीतून निघतात.

३. चाळ कुणाकडे आहे?

गिऱ्हाइकाला थांबता येत नाही हे कळलं. विकणाऱ्याचं काय?

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून येतो, त्यामागोमाग जानेवारी ते मार्च रांगडा, आणि मार्चअखेरपासून मेपर्यंत उन्हाळ कांदा निघतो. देशाच्या एकूण पिकात मोठा वाटा, दोन तृतीयांशाच्या आसपास, या शेवटच्या रब्बी कांद्याचा. मुख्य फरक टिकण्यात आहे. लाल आणि रांगडा कांदा पाणीदार. तो काढला की काही आठवड्यांत विकावाच लागतो. उन्हाळ कांदा नीट सुकवून चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवला तर चार-पाच महिने राहतो, अर्थात फुकट राहत नाही. वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात; पावसाळा संपेपर्यंत चौथा हिस्सा ते एक तृतीयांश माल सहज जातो.

जून ते सप्टेंबर देशात नवा कांदा जवळपास नसतो. तेव्हा आपण जे खातो ते कुणीतरी एप्रिल-मेमध्ये न विकता ठेवलेलं असतं. ठेवणाऱ्याला आपण साठेबाज म्हणून शिव्या देतो. पण मे महिन्यात सगळ्यांनी सगळा कांदा विकला असता, तर मे मध्ये तो मातीमोल झाला असता आणि ऑगस्टमध्ये कुठल्याच भावाला मिळाला नसता. स्वस्ताईतला माल उचलून टंचाईच्या महिन्यांत नेणं हे ट्रकने नाशिकहून मुंबईला नेण्याइतकंच खरं काम आहे. त्याला गैरकृत्य म्हणायचं ते मोजक्या लोकांनी संगनमताने माल दाबून धरला तरच.

फेब्रुवारी २०२३ चा भाव आता पुन्हा बघा. तो टिकणारा कांदा नव्हताच. आवक वाढलेली आणि चाळीत टाकायचा पर्याय नाही, म्हणून विकणाऱ्याला जो भाव पुकारला तो घ्यावा लागला. पुढच्या महिन्यात राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही बाजारात आलेल्या याच मालासाठी.

टिकणारा कांदा असूनही थांबता न येणारे बरेच असतात. चाळ बांधायला पैसे लागतात. सोसायटीचं कर्ज भरायचं असतं, घरात लग्न निघालेलं असतं, पुढच्या पेरणीच्या बियाण्याचा खर्च दारात उभा असतो. दोन शेतकऱ्यांचा कांदा सारखा, कष्ट सारखे. एकाला मेमध्ये विकावं लागतं आणि दुसरा सप्टेंबरची वाट बघतो. दोघांच्या भावातला फरक कांद्याच्या प्रतीतून आलेला नाही.

४. मधली माणसं

आता मूळ प्रश्न. मधले पैसे कोण खातं?

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, ग्राहक कांद्यावर जो एक रुपया खर्च करतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. टोमॅटोत ३३, बटाट्यात ३७. उरलेले ६४ पैसे म्हणजे सगळी लूट असं समजण्याआधी एका किरकोळ विक्रेत्याचा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

तो ५० किलोची गोणी २० रुपयांनी घेतो: १,००० रुपये. टेम्पोचं भाडं आणि हमाली ८० रुपये. गोणी फोडल्यावर सडके, ओले, कोंब आलेले पाच किलो बाजूला पडतात. उरलेले ४५ किलो. त्यातले ३५ किलो ३० रुपयांनी जातात, १,०५०. संध्याकाळी उरलेले, लोकांनी चाळवून ठेवलेले दहा किलो २० ने काढतो, २००. एकूण १,२५० मिळाले, खर्च १,०८०, हाती १७० रुपये. त्यातून जागेचं भाडं, पिशव्या आणि दिवसभराची मजुरी. २० चा कांदा ३० ला, म्हणजे पन्नास टक्के नफा, हे आपलं मंडईतलं गणित इथे टिकत नाही. असेच टप्पे त्याच्या आधीही झालेले असतात: खळ्यावरची निवड आणि प्रतवारी, गोणी, नवी मुंबईच्या घाऊक बाजारापर्यंतचा ट्रक, तिथली हमाली, आणि प्रत्येक टप्प्यावरची घट.

मग मधली माणसं निर्दोष का? तसंही नाही. पण त्यांच्या नफ्याचा आकडा बघून ते कळत नाही. लिलावाला किती स्वतंत्र बोली लागतात ते बघावं लागतं. वीस व्यापारी खरोखर एकमेकांशी स्पर्धा करत असतील तर कुणालाच भाव दाबता येत नाही, दुसरा रुपया जास्त देऊन माल उचलतो. वीस उभे आहेत पण बोलतात चौघंच, आणि चौघांचं आदल्या रात्री ठरलेलं आहे, अशी शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी सरकारी धोरणाच्या निषेधार्थ लिलाव बंद ठेवले होते. भांडण व्यापारी आणि सरकारचं. कांदा सडत होता शेतकऱ्याच्या चाळीत. माझ्या मते, व्यापाऱ्यांना हाकलण्यापेक्षा त्यांची संख्या वाढवणं शेतकऱ्याच्या जास्त फायद्याचं आहे. अडचण एवढीच की हाकलण्याच्या घोषणेला टाळ्या पडतात.

५. गेल्या वर्षीचा भाव बघून

भाव वाढला की तो दोन ठिकाणी निरोप पोहोचवतो. गिऱ्हाइकाला सांगतो, जपून वापरा. शेतकऱ्याला सांगतो, जास्त लावा. पहिला निरोप त्याच दिवशी पोहोचतो. दुसरा पोहोचून त्याचं पीक यायला चार-पाच महिने जातात, आणि तोवर परिस्थिती बदललेली असते.

यंदा भाव ४० आहे. ज्याने कधी कांदा केला नाही तोही उळे, म्हणजे कांद्याचं बी, शोधायला लागतो, रोपांचा भाव वाढतो, मक्याच्या आणि उसाच्या रानात कांदा जातो. पुढच्या हंगामात सगळ्यांचा माल एकदम आला की भाव ८. तोंड पोळलेले लोक पुढच्या खेपेला लागवड कमी करतात. मग तुटवडा, मग पुन्हा ४०. कागदावर हे आकडे जोडत गेलं की आत-बाहेर फिरणाऱ्या रेषांचं जाळं तयार होतं. निकोलस कॅल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं.

शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. गावात विचारा, कुणीही हे चक्र समजावून सांगेल. पण एकट्या शेतकऱ्याची दोन एकरं बाजाराला जाणवतही नाहीत. बाकी सगळे काय लावतायत हे कळल्याशिवाय त्याला उलटी चाल खेळता येत नाही, आणि ते कळेपर्यंत लागवडीचे दिवस गेलेले असतात.

६. बंदीचा खर्च कुणाच्या खात्यावर?

कांद्याने सरकारं पाडल्याच्या आठवणी राजकारणात अजून ताज्या आहेत. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याची महागाई प्रचारात आणली. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेत भाजपचं सरकार गेलं, त्यात कांद्याचा वाटा मोठा मानला जातो. तेव्हापासून भाव चढला की दिल्लीची पहिली नजर बंदराकडे जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, त्याच डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क राहिलं. ते पूर्णपणे गेलं १ एप्रिल २०२५ ला.

बंदीने भाव उतरतो का? उतरतो. परदेशी जाणारा माल देशातच राहिला की आवक वाढते, आणि अलवचीक मागणीमुळे थोड्या जादा आवकेनेही भाव बराच खाली येतो. शहरातल्या लाखो घरांचे महिन्याला पन्नास-साठ रुपये वाचतात. हे दिसतं. न दिसणारा खर्च असा: उन्हाळ कांद्याची चाळ करताना शेतकऱ्याने चार-पाच महिन्यांची घट, व्याज आणि धोका पत्करलेला असतो तो सप्टेंबरच्या चढ्या भावाच्या भरवशावर. नेमका तो भाव आला की दरवाजा बंद होत असेल, तर पुढच्या वर्षी चाळ बांधण्यात कुणाला रस उरेल? आणि चाळी कमी झाल्या की ऑगस्ट-सप्टेंबरची टंचाई आणखी वाढते.

परदेशी गिऱ्हाइकाचंही तेच. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा खरेदीदार. २०१९ च्या बंदीनंतर तिथे भाव इतके भडकले की तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या व्यापारी मेळाव्यातच, आचाऱ्याला कांदा बंद करायला सांगितलाय असा टोमणा मारला. अचानक दुकान बंद करणाऱ्याकडे गिऱ्हाईक कायमचं बांधलेलं राहत नाही. २०१९ च्या त्याच टंचाईत आपणही इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा मागवला; तो येईतो नवा लाल कांदा बाजारात उतरू लागला होता आणि अनेक राज्यांनी आयात माल उचललाच नाही.

७. कांद्याबाहेर आणि घरात

थांबता येणं आणि न येणं हा फरक एकदा दिसला की तो सगळीकडे दिसायला लागतो. मजूर नाक्यावर सकाळी आठला ठरणारी मजुरी आणि अकरापर्यंत काम न मिळालेल्याने मान्य केलेली मजुरी वेगळी असते. माणूस तोच, हातही तेच. दोन महिन्यांचा पगार बाजूला असलेली मुलगी नव्या नोकरीच्या पगाराबद्दल घासाघीस करते, हप्ता तुंबलेला मुलगा पहिलाच आकडा मान्य करतो. घरमालकाला घर रिकामं ठेवणं परवडतं का, यावर भाडं किती खाली येईल ते ठरतं. बचतीकडे आपण म्हातारपणाची सोय म्हणून बघतो. तिचा रोजचा उपयोग हा, की पहिल्या बोलीला नाही म्हणता येतं.

आता तुमच्यासाठी एक गणित. पूर्वी घरोघरी मे महिन्यात साठवणीचा कांदा घ्यायचे. आज ते परवडतं का? समजा, ३० किलो उन्हाळ कांदा १५ रुपयांनी घेतला: ४५० रुपये. जून ते ऑक्टोबर वापरता वापरता सहा किलो सडला किंवा सुकला, उपयोगी आला २४ किलो. म्हणजे खरा भाव पडला १८ रुपये ७५ पैसे. त्या पाच महिन्यांत बाजारातला सरासरी भाव २८ राहिला तर तेवढ्याच कांद्याला ६७२ रुपये पडले असते, वाचले २२२. सरासरी १८ च राहिली तर ४३२ मध्ये काम झालं असतं. गेले १८ रुपये. यात दर आठवड्याला कांदा निवडण्याची मेहनत धरलेली नाही, आणि तो पसरून ठेवायला कोरडी, हवेशीर जागा आहे असं गृहीत धरलंय. गावच्या घरात पडवी असते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहतात त्या घराला गणित कितीही पटलं तरी कांदा दर आठवड्याला, त्या दिवशी असेल त्या भावानेच घ्यावा लागतो.